खांब सुताराचा, भिंत गवंड्याची

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास मराठवाड्यात जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आमच्याकडे जुनी माणसं अजूनही 'आपल्याच जिल्ह्यात झाला' असं म्हणतात. मी त्या वेळी हिंजवडीत, चौदाव्या मजल्यावर, ऑफिसच्या कॉलची तयारी करत होतो. काकांचा फोन आला.

"सगळे बाहेर आलेत. आजी येईना गेली."

आमचं गाव जिंतूर तालुक्यात आहे. घर माळवदाचं. धक्का बसला तेव्हा काका, काकू आणि पोरं अंगणात पळाली. आजी मात्र मधल्या घरात एका लाकडी खांबाला मिठी मारून उभी राहिली. काकांनी फोन तिच्या कानाला लावला. मी ओरडलो, आजी, बाहेर हो. ती शांतपणे म्हणाली, "भीत पडती लेकरा. मेढ पडत नस्ती."

मेढ म्हणजे घराचा खांब. मला तेव्हा आजीचा राग आला. नंतर मी त्या वाक्याच्या मागे लागलो. मी कम्प्युटरचा इंजिनिअर. सिव्हिलशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या एका पेपरपुरता. पण पुढचे काही महिने सुट्टीच्या दिवशी मी घरं कशी उभी राहतात, कशी पडतात, एवढंच वाचत होतो. शेवटी लक्षात आलं की आजीचं वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात आमच्या भागाच्या घरांचा सगळा इतिहास आहे.

खणांत मोजलेलं घर

मराठवाड्यात जुन्या घराचा आकार चौरस फुटांत सांगत नाहीत. पाच खणांचं घर, नऊ खणांचं घर, असं म्हणतात. खण म्हणजे खांबांच्या मधली जागा. खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ रचलेल्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिरफळ्यांचं किलचन, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दोन फूट माती. हे झालं माळवद. माती शक्यतो पांढरी, म्हणजे गावठाणातली. आमच्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं मुरून झालेली ती माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ती छपरावर चालत नाही. पांढरी तशी फुगत नाही आणि पाणी अडवते. एखादी गढी बघितली तर तिचे बुरूजही याच मातीचे दिसतील.

या घरात वजन वाहतो तो लाकडी सांगाडा. खांब दगडी उथळ्यावर उभा असतो, जमिनीत पुरलेला नसतो, म्हणजे ओल वर चढत नाही. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेला कोरीव ठोकळा, त्यावर तुळई. जोड कुसवाचे: एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला भोक, आणि घट्ट करायला पाचर. खिळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे असं घर उलगडता येतं. आमच्या मधल्या घरातल्या दोन तुळयांना भोकं आहेत, ज्यांत काहीच बसलेलं नाही. लहानपणी मी त्यात गोट्या लपवायचो. नंतर कळलं की ती भोकं आधीच्या घराची आहेत. पणजोबांनी कुणाच्या तरी मोडलेल्या घराचं लाकूड विकत घेतलं होतं. त्या आधीच्या घरात त्या भोकांत काय बसत होतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. लाकूड एका घरातून दुसऱ्या घरात जातं. वाटणीत तुळया मोजल्या जातात, आणि भाऊ वेगळे झाले की कधीकधी छप्परही उतरवून वाटलं जातं. भिंत मात्र जिथली तिथे राहते आणि मातीची पुन्हा माती होते.

आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. कोणत्याही कामाची आपण मुहूर्तमेढ रोवतो. मुहूर्तभिंत कुणी बांधत नाही.

दोन कारागीर, एक फट

भिंतीही लहानसहान नव्हत्या. दोन-तीन फूट जाड, कुठे त्याहून जास्त. रस्त्याच्या बाजूला खिडकी नसायचीच. उजेड यायचा तो माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. परभणीच्या मे महिन्यात अशा घरात शिरलं की डोक्यावर ओला टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं. थंडावा हे एक कारण, दुसरं भीती. निजामाच्या राज्याच्या कडेला असलेल्या मुलखात दरोडे, लुटालूट, शेवटी १९४७-४८ मधला रझाकारांचा काळ. बाहेरच्या बाजूला भोक नसलेली भिंत ही त्या काळातली शहाणी गोष्ट होती. भिंतीतच धान्याचं बळद, देवळ्या, आणि दाराचा अडसर सरकवायची लांब पोकळी. दाराला आतून लावायचा तो वासा दिवसभर भिंतीच्या पोटात झोपलेला असायचा.

पण अशी भिंत एकसंध नसते. तिला दोन चेहरे असतात: बाहेरच्या दगडांचा एक थर, आतल्या दगडांचा दुसरा, आणि मध्ये चिपा, गोटे, माती यांची भरती. दोन्ही चेहऱ्यांना शिवणारा आरपार लांब दगड अधूनमधून घातला तर भिंत एक होते. तसा दगड शोधायला आणि घडवायला वेळ लागतो, पैसा लागतो. म्हणून तो बहुतेक घरांत नसतो. मग छपराचं पाणी झिरपलं की मधली भरती खाली बसते आणि बाहेरचा चेहरा फुगतो. आमच्याकडे त्याला म्हणतात, भिंतीनं पोट काढलं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती यापुढची गोष्ट. सांगाडा उभा करायचा सुतारानं. तो गेला की भिंत भरायला यायचा गवंडी. दोघांचं काम वेगळं, मजुरी वेगळी, मोजमाप वेगळं. सुतार लाकडाला लाकूड जोडून जायचा, गवंडी दगडावर दगड ठेवून जायचा. लाकूड आणि दगड एकमेकांना जोडायचं काम कुणाच्याच वाट्याला यायचं नाही. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. दोन टीमची दोन चांगली कामं असतात, आणि सिस्टम पडते ती त्या दोघांच्या मधल्या जागेत, जिची जबाबदारी कुणाचीच नसते.

एरवी त्या फटीनं काही बिघडत नाही. दोन पिढ्या सुखानं जातात. कुणाला कळतही नाही की घराची दोन घरं आहेत, एक लाकडाचं आणि एक दगडाचं, नुसती एकमेकांशेजारी उभी.

३० सप्टेंबर १९९३

पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते कळलं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, गुबाळ... माझा जन्म त्यानंतरचा, पण ही नावं मला पाढ्यांसारखी ऐकून पाठ आहेत. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यम. माणसं मात्र जवळपास आठ हजार गेली. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात सुरक्षित, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये तो नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच रद्द झालं, आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

मारलं कशानं? लोकांनी एका शब्दात सांगितलं: दगडानं. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे लिहिलं ते जरा वेगळं आहे. जमीन हलली तेव्हा लाकडी सांगाडा झुलला. लाकूड झुलू शकतं, कुसवाचा जोड थोडा कुरकुरतो आणि परत येतो. दोन-तीन फुटी भिंतीला झुलता येत नाही. दोघांची चाल वेगळी, म्हणून ते एकमेकांना धडका देत राहिले. भिंतीचे दोन चेहरे सुटले. बाहेरचा गल्लीत पडला, आतला झोपलेल्या माणसांवर. ज्या घरांत छप्पर पूर्ण खांबांवर होतं, त्यांतल्या अनेक घरांच्या भिंती गेल्या आणि छप्पर तसंच वर उभं राहिलं. ज्या घरांत तुळयांची टोकं भिंतीवर टेकवली होती, तिथे भिंतीमागून फूटभर मातीचं छप्परही खाली आलं.

हे वाचताना मी थांबलो. आमच्या घरात दोन्ही प्रकार होते. मधले सहा खण पणजोबांच्या लाकडातले, चारही बाजूंनी खांबांवर. पण रस्त्याकडचे तीन खण आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर वाढवलेले. सागवान परवडत नव्हतं, म्हणून बाहेरच्या रांगेला खांब घातलेच नाहीत. कड्या थेट भिंतीवर टेकवल्या. आजीनं मिठी मारली ती मेढ मधल्या घरातली होती. ती दहा पावलं पुढे, तिच्या रोजच्या खाटेवर असती आणि धक्का जरा मोठा असता, तर तिचं वाक्य खोटं ठरलं असतं.

जगाच्या पाठीवरची तीच फट

लाकडाचा सांगाडा आणि भरीव भिंत हे कोडं काही आपल्या एकट्याचं नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन शहर भूकंपानं, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीनं उद्ध्वस्त झालं. पुन्हा बांधताना तिथल्या लष्करी इंजिनिअरांनी एक नियम केला: प्रत्येक घराच्या भिंतीच्या पोटात लाकडी पिंजरा हवा. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकोनात फुलीसारखे दोन कर्ण, मग त्या तिकोनांत दगड-विटांची भरती. पोर्तुगीजमध्ये त्याचं नावच पिंजरा, 'गायोला'. नमुना तपासायला सैनिकांना त्याच्याभोवती पाय आपटत कवायत करायला लावली, असं सांगतात. मुद्दा साधा होता. चौकोन दाबला की तिरका होतो, तिकोन होत नाही. आणि भरती मोठ्या चौकटीत न घालता छोट्या-छोट्या घरांत वाटली, तर एक तुकडा पडला तरी भिंत राहते.

काश्मीरमध्ये याच विचाराची घरं आहेत, 'धज्जी देवारी'. फारसी शब्द; धज्जी म्हणजे चिंधी, देवार म्हणजे भिंत. चिंध्या जोडून शिवलेली भिंत. आमच्या भाषेत वाकळ! लाकडाच्या पट्ट्यांची वेडीवाकडी जाळी आणि तिच्यात चिखलात बसवलेले बारीक दगड. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या बाजूला ही जुनी पद्धत सरकारी मदतीसाठी मान्य करावी लागली, कारण लोक आपणहून तशीच घरं बांधत होते आणि ती हिशेबात टिकत होती.

तिसरं उदाहरण भूकंपाचं नाही, पण मला सगळ्यात जवळचं वाटलं. कॅनडात फ्रेंच वसाहतवाल्यांनी आणि पुढे हडसन्स बे कंपनीच्या फरच्या व्यापाऱ्यांनी एक पद्धत वापरली. खांब उभे करायचे, त्यांना वरपासून खालपर्यंत खाच पाडायची, आणि दोन खांबांच्या मध्ये आखूड ओंडके आडवे एकावर एक सरकवत जायचं. लांब झाडं लागत नाहीत, चार माणसांत भिंत होते, आणि एक ओंडका कुजला तर तेवढा बदलता येतो. पण तिला एक खोड आहे. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे आडव्या ओंडक्यांची भिंत वर्ष-दोन वर्षांत काही सेंटिमीटर खाली बसते, आणि बाजूचा उभा खांब तेवढाच राहतो. ओंडके खांबाला खिळ्यांनी ठोकून टाकले तर ते खाली बसू शकत नाहीत, लटकतात, आणि मध्ये फटी पडतात. म्हणून तिथले सुतार ओंडका खाचेत मोकळा ठेवतात आणि वर तुळईखाली मुद्दाम जागा सोडतात, बाहेरून दिसू नये म्हणून एक पट्टी मारून. भिंत जागेवर धरायची, पण आवळायची नाही.

या तिन्ही ठिकाणी, तीन वेगळ्या कारणांनी, लोकांनी एकच गोष्ट केली. सुतार आणि गवंडी यांच्या मधल्या फटीची जबाबदारी कुणीतरी घेतली.

आणि आपण? आपणही घेतली होती, कागदावर. भारतीय मानक संस्थेची दोन मार्गदर्शक पुस्तकं नेमकी १९९३ मधलीच आहेत, एक मातीच्या घरांसाठी आणि एक कमकुवत दगडी बांधकामासाठी. दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर ६०० मिलिमीटर उंचीवर, आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड हवा. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कार्यक्रमात जवळपास दोन लाख जुन्या घरांच्या दुरुस्तीची आणि मजबुतीची योजना होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. उपाय साधे होते. छपरावरची माती कमी करा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके टेकू मारा. भिंतीत भोक पाडून लोखंडी सळी आणि काँक्रीट भरून आरपार दगडाचं काम करून घ्या. पण हातात पैसे आल्यावर अनेकांनी जुनं घर तसंच ठेवलं आणि शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडाखालून नात्यातली माणसं काढली, त्याच दगडाला पुन्हा शिवत बसायला कुणाचं मन धजेल? दगड आणि माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जगणं, असं समीकरण एका रात्रीत झालं आणि ते आजही टिकून आहे.

ते समीकरण पूर्ण खरं नाही, हे २६ जानेवारी २००१ ला दिसलं. भूजच्या भूकंपात दूरवरच्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत वरच्या मजल्यांवर खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती होत्या आणि तळमजला पार्किंगसाठी मोकळा. वर भिंतींनी सांगाडा ताठ केला, खाली तो तसाच लवचीक राहिला, आणि सगळा हिसका तळमजल्याच्या खांबांनी खाल्ला. म्हणजे खांबांच्या मधली भिंत नुसती आडोसा नसते. ती कुठे आहे, कुठे नाही, आणि खांबाला कशी जोडली आहे, यावर घराची चाल ठरते. हे वाचल्यावर मी हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन खांब बघत उभा राहिलो. वॉचमननं विचारलं, काही हरवलंय का?

आमचे सहा खण

२०२४ च्या दोन धक्क्यांत, २१ मार्चच्या आणि १० जुलैच्या, आमच्या गावात कुणाला इजा झाली नाही. मार्चमध्ये प्रशासनानं पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीत मात्र कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली आणि पोट आणखी पुढे आलं. घरात बैठक झाली. काकांचं म्हणणं, सगळंच पाडू आणि स्लॅब टाकू. जुन्या सागवानाला शहरात गिऱ्हाईक आहे. हॉटेलांना, फार्महाऊसना तुळया, कोरीव खांब लागतात. एक दलाल येऊन घनफुटाचा भावही सांगून गेला होता. रक्कम ऐकून मीही गप्प झालो. काकांच्या मुलीचं शिक्षण तेवढ्यात निघालं असतं. पुण्यातून दर दोन महिन्यांनी येणाऱ्या मुलानं वारसा वगैरे शब्द काढायचे आणि रोज तिथे झोपणाऱ्या माणसानं ते ऐकायचे, यात मला लाज वाटत होती.

आजीनं दोनच वाक्यं बोलली. "पुढचं पाडा. मधलं माझं हाय."

एका सिव्हिलच्या मित्राला मी घर दाखवायला घेऊन गेलो. त्यानं खांबांना टाचा मारून बघितल्या, वाळवी शोधली, आणि म्हणाला की मधल्या सहा खणांचं लाकूड तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. त्याला दुखणं आहे ते वरच्या मातीचं आणि बाजूच्या भिंतीचं. मग ठरलं. पुढचे तीन खण उतरवायचे. मधल्या घराच्या माळवदावरची निम्मी माती काढायची. काकांसाठी मागे विटांच्या दोन खोल्या, त्यांना पट्ट्यांसकट, नीट. त्या खर्चात माझी काही वर्षांची बचत गेली, आणि तेवढं तरी मला करता आलं.

तीन खण उतरवल्यावर मधलं घर रस्त्याच्या बाजूनं उघडं पडलं. चार खांब, तीन रिकाम्या चौकटी. मधल्या चौकटीत दार. उरलेल्या दोन चौकटी कशानं भरायच्या? वीट म्हणजे पुन्हा जड भिंत शेजारी उभी करणं. पत्रा म्हणजे मे महिन्यात तवा. आमचे सुतारमामा सत्तरीचे आहेत. ते उतरवलेल्या लाकडाच्या ढिगावर बसून बिडी ओढत होते. त्यांनीच विचारलं, "ह्या कड्या काय जाळायच्यात का?"

मी मोबाईलवर कॅनडातल्या घराचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि खांबाची खाच बघून नाराजीनं मान हलवली. "उभ्या खांबाला खाच पाडू नये. वरी वझं हाय." मग त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. खांबाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत दोन उभ्या सागवानी पट्ट्या, मध्ये चार बोटांचा गाळा. गाळ्यात कड्या आडव्या सरकवायच्या. खांबाला धक्का नाही, आणि भिंत खांबाच्या हातात. एका चौकटीला छातीच्या उंचीपर्यंत तेरा-चौदा कड्या लागल्या. दोन्ही मिळून सत्तावीस, आणि ढीग संपला. खालच्या कडीखाली दगडी जोतं, ओल लागू नये म्हणून. वरच्या भागात तुराट्यांचा कूड, पांढरी माती, शेण आणि गव्हांडा आठ दिवस कुजवून केलेला गिलावा. चारही खांबांच्या डोक्याशी तिरके टेकू.

शेवटची कडी बसवताना मी पाचर मारून घट्ट करायला गेलो. मामांनी हात धरला.

"आवळू नको. लाकूड उभं वाळत नाही, आडवं वाळतंय. त्याला जागा दी."

त्यांनी कडीवर एक बोटभर जागा सोडली आणि ती चिखलानं लिंपली, जो गरज पडली तर चुरा होऊन पडेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या कॅनडातल्या सुतारालाही तेच माहीत होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. लाकूड काय तिथलं वेगळं असतंय का, म्हणाले.

ही भिंत भूकंपात टिकेल का? मला सांगता येत नाही, आणि ते कळायची वेळ येऊ नये. एवढं सांगता येतं की ती जुन्या भिंतीपेक्षा कितीतरी हलकी आहे, पडली तर तुकड्यांनी पडेल, आणि छप्पर तिच्यावर टेकलेलं नाही. पहिल्या पावसात कड्या फुगून गाळ्यात घट्ट बसल्या, उन्हाळ्यात सैल झाल्या, आणि दोन फटींतून उजेड यायला लागला. काकूंनी त्यात चिखल भरला. दरवर्षी भरावा लागेल. भिंत एकदा बांधून सोडून द्यायची नसते, हे जुन्या लोकांना सारवताना आपोआप कळत असणार.

आजीची खाट आता मधल्या घरात, त्या मेढीशेजारी आहे. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, की पुन्हा हललं तर काय करशील? दार आता तिच्यापासून चार पावलांवर आहे, ते मी मोजून ठेवलं होतं.

"बाहेर जाईन की," ती म्हणाली. "आता भीत जवळ नाही, मग भ्यायचं कामून?"